‘बाकीच्यांनी गप्प राहावे’ म्हणणाऱ्या संदेशाबद्दल

‘हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वाचवतो तो एक निष्णात डॉक्टर; टीमवर्क आणि लीडरशिप ही कार्यशाळा भरवणाऱ्यांची खुळे आहेत’, असे बजावणारा चार मुद्द्यांचा संदेश सध्या फिरत आहे. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या माझ्या भाचीला तो वर्गाच्या ग्रुपवर आला आणि चूक दिसली तरी आम्ही बोलायचे नाही का, असे तिने मला विचारले. ज्यांना उद्या त्या खाटेपाशी उभे राहायचे आहे त्यांच्यापर्यंत हे पोहोचत असेल, तर उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा असा की, सर्वांत अनुभवी डॉक्टरने सगळे स्वतःच्या हाताने करावे. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने आणि पाच ते सहा सेंटिमीटर खोल छाती दाबणारा माणूस लवकर थकतो आणि दाब उथळ होऊ लागतो; म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. जो स्वतः दाब देत आहे किंवा श्वासनलिकेत नळी घालण्यात गुंतला आहे, त्याने मॉनिटर, औषधाची वेळ आणि पुढच्या शॉकची तयारी यांवर कोणत्या डोळ्यांनी लक्ष ठेवायचे?

दुसरा मुद्दा, सूचना मोठ्याने परत म्हणण्यात वेळ जातो, हा. ‘एक मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन द्या’, ‘एक मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन देते’, ‘दिले’, एवढ्याला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात छाती दाबणे थांबलेले नसते. हे न बोलल्यास एकच डोस दोघांनी देण्याची किंवा कोणीच न देण्याची भीती असते.

खरा संताप येतो तो तिसऱ्या मुद्द्याचा: ‘आणीबाणीत बाकीच्यांनी तोंड बंद ठेवून सांगितले तेवढेच करावे.’ २००५ साली इंग्लंडमध्ये इलेन ब्रोमिली या महिलेला सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यात आली आणि त्यानंतर तिच्या श्वासमार्गातून हवा आत जाईना. तिथले डॉक्टर अननुभवी नव्हते, पण ते नळी घालण्याच्या प्रयत्नातच अडकून पडले आणि वेळ किती गेला याचे भान त्यांच्यापैकी कोणालाच उरले नाही. गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडण्याचे साहित्य एका परिचारिकेने आणून ठेवले होते. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मागितली, पण डॉक्टरांचा प्रतिसाद पाहून आपलाच गैरसमज झाला असावा असे तिला वाटले आणि तिने ती मागणी मागे घेतली. काय करायला हवे हे ठाऊक असूनही ते कसे सांगावे हे काही जणींना उमजले नाही, असे पुढच्या चौकशीत दिसले. इलेन वाचल्या नाहीत. ही घटना सुरुवातीला हृदय बंद पडल्याची नव्हती, हे खरे; पण खोलीत नेमके तेच घडले, जे हा संदेश आदर्श म्हणून सांगतो. ज्येष्ठांचे हात चालू होते आणि बाकीचे गप्प होते. इलेन यांचे पती मार्टिन ब्रोमिली हे व्यवसायाने वैमानिक; कॉकपिटमध्ये कनिष्ठाने शंका बोलून दाखवणे हे त्याचे कामच मानले जाते. पुढे त्यांनी याच प्रश्नावर काम करणारी एक संस्था उभी केली.

‘नेतृत्व उपजत असते, शिकवता येत नाही’ हा चौथा मुद्दा तर तपासून पाहिला गेला आहे. हुन्झिकर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वैद्यकीय विद्यार्थ्यांचे तिघातिघांचे गट केले होते. काही गटांना नेतृत्वाविषयी, तर काहींना सीपीआरच्या (म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन रुग्णाला जगवण्याच्या) तंत्राविषयी थोडक्यात सूचना दिल्या आणि चार महिन्यांनी त्यांची पुन्हा परीक्षा घेतली. नेतृत्वाच्या सूचना मिळालेल्या गटांनी सीपीआर लवकर सुरू केला आणि रुग्णावर प्रत्यक्ष उपचार चालू राहण्याचा वेळही त्यांचाच जास्त भरला. संदेशातला अर्धा दाणा सत्याचा म्हणून नाइलाजाने सांगतो, की दाब देताना हातांची ठेवण तंत्र शिकलेल्यांचीच अधिक बरोबर होती. तेव्हा कौशल्याला पर्याय नाही, हे मान्य. शिवाय हा प्रयोग सरावाच्या पुतळ्यावरचा होता. त्यातून किती रुग्ण वाचतील ते सिद्ध होत नाही. पण संदेश लिहिणाऱ्याने आपल्या बाजूने पुतळ्यावरचाही पुरावा दिलेला नाही.