मूळचे कुठले तुम्ही?

आज पुण्यात एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मठ्ठ्याची वाटी संपवली आणि विचारलं, "आपण कुठले?" म्हटलं, नेरूळचे. "नाही, म्हणजे मूळचे?" परत सांगितलं, नेरूळचे. त्यावर ते हसले. शाळेतल्या ढ पोराकडे बघून मास्तर हसायचे ना, तसे. "अहो, नवी मुंबईचं कुणी मूळचं असतं होय? सेक्टर नंबर म्हणजे काय पत्ता झाला? सगळ्या बिल्डिंगी एका साच्यातल्या, संस्कृती म्हणून काही नाही, झोपायची जागा ती नुसती."

दुसऱ्याच्या कार्यात भांडू नये म्हणून अजून एक जिलबी वाढून घेतली. पण लोणावळ्यापासून डोक्यात उत्तरं सुचायला लागली ती अजून थांबली नाहीत. साडेअकरा झालेत, बायको झोपलीये, म्हणून इथे ओकतोय. काका, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमचा भाचा माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे.

माझा जन्म परभणीचा. वडिलांच्या बदल्यांमागे बीड, नगर, सोलापूर झालं. कॉलेज आणि पहिली नोकरी तुमच्याच पुण्यात. सहा वर्षं, तीन खोल्या, तीन घरमालक. शेवटच्यांनी खोली दाखवतानाच सांगितलं होतं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्याच वर्षी आई गेली. तिचा फोटो मी ट्रंकेवर ठेवून भिंतीला टेकवला होता. पंखा दोनच्या पुढे गेला की पडायचा, म्हणून उन्हाळाभर पंखा एकवर. सहा वर्षांत त्या शहरानं मला किमान दोनशे वेळा विचारलं असेल, मूळचे कुठले. उत्तर ऐकून म्हणायचे, "वाटलंच, बोलण्यावरून कळतं."

1996 च्या जूनमध्ये नेरूळला आलो. राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. व्हीटीहून हार्बर पकडून घरी येईपर्यंत आठ वाजलेले, धो धो पाऊस, त्यात लाइट गेलेले. चार मजल्यांच्या बिल्डिंगी, सगळ्या एकाच साच्यातल्या, इडलीपात्रातून काढल्यासारख्या. तिसरा मजला, डावीकडचं दार. अंधारात चाचपडत लॅचला चावी घातली. आत गेली, पण फिरेना. आणि मग बाहेरही येईना. मी खेचतोय तेवढ्यात दारच आत उघडलं. समोर बनियन, लुंगी, हातात मेणबत्ती असे एक आजोबा. लॅचमध्ये माझी चावी, चावीला माझा हात.

"चोर असाल तर फारच नवशिके आहात," म्हणाले.

मी बी-सात समजून बी-नऊमध्ये शिरलो होतो. चावी काढायला खोबरेल तेल झालं, शिवणमशीनचं तेल झालं, शेवटी पक्कड आली. वीस मिनिटं चालला हा कार्यक्रम. तेवढ्यात आजींनी चहा टाकला होता. आजोबांनी सगळं विचारलं. पाणी कधी येतं ठाऊक आहे का, दूधवाला ठरवला का, पोळ्यांना बाई हवी का. मूळचे कुठले, एवढंच विचारलं नाही. तेच मुळात कारवारकडचे होते, हे मला कळायला तीन वर्षं लागली.

तर काका, ज्या इडलीपात्राला तुम्ही हसता त्याच्यामुळे मला पहिला शेजारी मिळाला. बिल्डिंगी वेगवेगळ्या असत्या तर मी सरळ घरी गेलो असतो आणि एकटा पाव-बटर खाऊन झोपलो असतो.

म्हणे संस्कृती नाही. अहो, आमच्या मजल्यावर एक तमिळ घर, एक कोल्हापूरचं, वर केरळची नर्स. गणपतीत मोदक आमचे, ओणमला पायसम त्यांचं. नाटकाला वाशीचं भावे नाट्यगृह आहे. हिवाळ्यात ऑफिसला जाता जाता तळ्यात गुलाबी फ्लेमिंगो दिसतात. तुमच्याकडे काय दिसतं, कात्रजचा ट्रॅफिक? महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, मोरबे. आणि हो, डास आहेत. कधीकधी रात्री कारखान्यांच्या बाजूनं वास येतो. आमच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल धरते. बस, एवढंच मान्य करतो.

नाही, अजून एक आहे. ते लिहिलं नाही तर खोटारडा ठरेन.

मी "मूळचा नेरूळचा" म्हणून मिरवत होतो तेव्हाची गोष्ट. नेरूळमधल्याच सारसोळे गावची एक मावशी आमच्या बाजारात मासे घेऊन बसायची. एकदा मी तिच्याशी पापलेटाच्या भावावरून घासाघीस करत होतो. कोयता तसाच हातात ठेवून ती म्हणाली, "तुमची बिल्डिंग हाय ना, तिथं आमचा शेत होता." रागानं नाही, पत्ता सांगावा तसं. 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी झाली, 95 गावांच्या जमिनी गेल्या आणि मग त्यावर आमचे सेक्टर उभे राहिले. 1984 च्या जानेवारीत उरणकडे जासई-नवघर भागात याच जमिनींच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देणारी योजना त्या रक्तातून आली. "मूळचे कुठले" हे मला विचारायचा हक्क कुणाला असेल तर तो त्या मावशीला. पंगतीतल्या गृहस्थांना नाही. त्या दिवशी तिनं सांगितला तोच भाव दिला आणि मान खाली घालून घरी आलो.

बघा, चिडून लिहायला बसलो होतो आणि कुठल्या कुठे आलो.

पुन्हा त्या चावीकडे येतो. पहिल्याच रविवारी आजोबांकडे हातोडी मागायला गेलो. काय करायचंय, म्हणाले. म्हटलं, आईचा फोटो लावायचाय. भिंत काँक्रीटची निघाली, तीन खिळे वाकले. मग ते स्वतःच आले, भिंतीला भोक पाडून लाकडाचा तुकडा ठोकला आणि त्यावर खिळा मारला. पंखा पाचवर लावून पाच मिनिटं दोघं उभं राहून बघत होतो. फोटो हलला नाही.

आजोबा 2011 ला गेले. आजी मुलाकडे बेंगळुरूला. बी-नऊवर आता रिडेव्हलपमेंटचा बोर्ड लागलाय, पुढच्या वर्षी आमचीही पाळी. टॉवर होणार, लिफ्ट येणार, गुडघ्यांना बरंच आहे, नाही कशाला म्हणू? सोसायटीत सही करणाऱ्यांत मी तिसरा होतो. आज रात्रीसुद्धा तीन मजले चढून आल्यावर चावी घालण्याआधी दारावरची पाटी वाचली. इतक्या वर्षांची सवय आहे. बायको हसते.

मागच्या मीटिंगला बिल्डरकडचा मुलगा सांगत होता, नव्या फ्लॅटला चावीच नसणार, कार्ड लावायचं. मी विचारलं, चुकून दुसऱ्याच्या दाराला लावलं तर?

"काही नाही होत काका. लाल लाइट लागतो."