खुलासा: क्यूवरच्या नक्षीचं टोक गोल म्हणजे स्टिकर नव्हे

मुंबईतल्या पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर क्यूबद्दल, म्हणजे चेंडू मारायच्या दांडीबद्दल, फिरतंय: 'नक्षीचं टोक सुईसारखं तर अस्सल हातकाम, गोलसर तर चिकटवलेला स्टिकर.' हे साफ चूक आहे, आणि यात चांगल्या कारागिरांची नाहक बदनामी होते.

जडावाच्या नक्षीसाठी दांडीत खाच कोरून तिच्यात लाकडाचा तुकडा बसवतात. खाच कोरणारं कटर गोल फिरतं. १ मिमी व्यासाच्या कटरने खाचेचा आतला कोपरा ०.५ मिमी त्रिज्येहून तीक्ष्ण निघतच नाही. म्हणून तुकडाही तसाच गोलसर घडवून बसवतात. सुईसारखं टोक येतं व्ही आकाराच्या खाचेतून: दांडी किंचित तिरपी धरली की खाच पुढे उथळ होत संपते, तिथे टोक तयार होतं. ही खाचही बहुतेकदा यंत्रावरच कापतात!

स्टिकरची शंका असेल तर भिंग घ्या. जडावाच्या लाकडात रेषा दिसतात, छपाईत बारीक ठिपके.