धूर आधी, जाळ मागनं

“माझ्या दारासमोरची जागा माझीच की!” दिग्यानं जाहीर केलं आणि बापूंनी चहाची बशी खाली ठेवली. बापूंनी बशी ठेवली की समोरच्याचं काही खरं नसतं, हे राजारामपुरीतल्या आमच्या कोपऱ्यावर सगळ्यांना पाठ आहे.

विषय अर्थात आमच्या सोसायटीची ती आगीपासून सावध राहायची नोटीस. जिना मोकळा करा, टेरेसचं कुलूप काढा, वगैरे. सेक्रेटरीनं ग्रुपवर टाकली. दिग्या चेअरमन, त्यानं पहिला अंगठा दिला आणि खाली कट्ट्यावर येऊन विरोध सुरू केला.

आता दिग्याचा फ्लॅट सगळ्यात वर. त्याच्या दारात काय नाही ते विचारा. चपलांचं रॅक, पोराची लहानपणीची सायकल (पोरगं पुण्यात नोकरीला लागलंय), बिघडलेला कूलर, तुळशीच्या दोन कुंड्या आणि एक पोतं. पोत्यात काय आहे ते वहिनींनाच माहीत. या इस्टेटीच्या राखणीला चार पायऱ्या खाली चॅनेल गेट. टेरेसचं दार त्या गेटच्या आत. म्हणजे सोसायटीची टाकी, सगळ्यांच्या डिश आणि वरचं आभाळ, सगळं दिग्याच्या सातबाऱ्यावर.

“समज, रात्री दोनला खाली मीटर पेटलं,” बापू म्हणाले. “खाली जायला वाट न्हाई, वर तुझं गेट. आम्ही करायचं काय?”

“बेल मारायची. मी काय बहिरा हाय?”

“लाईट गेल्यावर बेल वाजती व्हय रं?”

संज्याच्या नाकातनं चहा यायचा बाकी होता. बापू वायरमन म्हणून रिटायर झालेत, त्यांना असल्या गोष्टी सुचतात. जिन्याखालच्या मीटरच्या बोर्डावर त्यांचा आधीपासून राग. वायर बिल्डिंग बांधली तेव्हाची, 2 ट्यूब आणि 1 पंख्याच्या हिशोबाची. आता तिच्यावर एसी, गिझर, इंडक्शन. परवा त्यात भर म्हणून कुणीतरी एक्स्टेन्शन ओढून ई-स्कूटर तिथंच चार्जिंगला लावली, शेजारी रद्दीचा ढीग. “कुणीतरी” म्हणजे संज्या. तो त्या क्षणी एकदम गप्प झाला आणि शेंगदाणे मोजायला लागला.

“बापू, उगंच भीती घालू नका,” दिग्या. “आपली बिल्डिंग 4 मजली. 15 मीटरच्या वर गेली तर हायराइज. आपल्याला ते नियम लागूच न्हाईत.”

“मग जाळाला सांग तसं. म्हणावं, 15 मीटर भरत न्हाईत, परत जा.”

यावर दिग्यानं नेहमीचा डाव टाकला: महापालिका काय करते, फायर ब्रिगेड काय करते, आम्ही घरफाळा भरतो. हे भाषण तो खड्ड्यांवरही करतो, कुत्र्यांवरही करतो. बापूंनी ते पूर्ण होऊ दिलं. मग सांगितलं, की 2006 चा महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधाचा कायदा आहे आणि त्यात आग विझवायची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकलेली आहे. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत लायसन असलेल्या एजन्सीकडनं ती तपासून ती चालू असल्याचा दाखला, म्हणजे बी फॉर्म, द्यायचा असतो. “तू चेअरमन. बी फॉर्म बघितलायस कधी?”

“फाईलला असंल.”

“आणि फाईल?”

फाईल त्या पोत्यात आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण मी बोललो नाही, कारण माझ्याही दारात एक शू-रॅक आहे. लहान आहे.

तेवढ्यात पिंट्या आला. पिंट्या शाहूपुरीचा. 2019 च्या पुरात त्यांनी तळमजल्यावरचं सामान जिन्यात चढवलं, ते अजून उतरवायचंय. मधे 2021 चा पूर येऊन गेला, तेव्हा “बघ, वरच होतं म्हणून वाचलं” असं त्याचे वडील म्हणाले. आता त्या कपाटाला हलवणं म्हणजे घरात महाभारत.

“पण आग लागली तर माणूस धडाधडा उतरतोच की खाली,” पिंट्या म्हणाला. “आपण काय म्हातारे झालोय?”

इथं मात्र बापू चेष्टेवर गेले नाहीत. “आपल्यात म्हणत्यात जाळ अन् धूर संगटच. ते मैदानात. जिन्यात धूर आधी येतोय, जाळ मागनं. खाली मीटर पेटलं की वायरीचा काळा धूर जिन्यातनं सरळ वर चढतो. टेरेसचं दार बंद असलं तर त्याला बाहेर पडायला वाटच न्हाई, वरनं भरत खाली येतो. त्या अंधारात तू उतरणार, आणि पायात ह्याची सायकल. माणसं भाजून कमी मरत्यात, धुरानं जास्त.”

“मग करायचं काय?”

“जिना साफ असंल तर उतरायचं, लिफ्टला हात लावायचा न्हाई. जिन्यात धूर भरला असंल तर घरातच राहायचं. दार लावायचं, फटीत ओलं टॉवेल कोंबायचं, खिडकीत उभं राहून 101 ला फोन.”

क्षणभर सगळे गप्प. 8 ऑगस्ट 2024 ची रात्र आठवली असणार. केशवराव भोसले नाट्यगृह जळताना निम्मं कोल्हापूर खासबागेत उभं होतं. शाहू महाराजांनी उभं केलेलं ते थिएटर, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. म्हातारी माणसं रस्त्यात रडत होती.

“मी हुतो तिथं,” दिग्या हळू म्हणाला.

“हुतास की. मोबाईल वर धरून लाईव्ह करत हुतास आणि बंबाच्या वाटेत तुझी गाडी,” संज्या.

“ती गाडी तुझी हुती! मी फक्त चालवत हुतो!”

झालं. गाडीवरनं पेट्रोलचे पैसे, पेट्रोलवरनं शाहू स्टेडियमची तिकिटं, तिकिटांवरनं ती पेनल्टी. पीटीएम आणि दिलबहार या आमच्या फुटबॉलच्या टीम एकदा मधे आल्या की अग्निशमन दल आलं तरी विझत नाही. दिग्या म्हणतो पेनल्टी नव्हतीच. संज्या म्हणतो रेफ्रीला दिसली, मला दिसली, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू.

बापूंनी दोघांना थांबवलं. “ते राहू द्या. दिग्या, बिल्डरनं जिन्यात लाल सिलिंडर लावलावता, पावडरचा. तो कुठाय?”

“माझ्या हॉलमध्ये.”

“का?”

“चोरीला जाईल म्हणून.”

“म्हणजे आगीनं आधी तुझ्या घरी यायचं?”

“प्रेशरचा काटा हिरव्यावर हाय का बघितलास?” संज्यानं विचारलं.

दिग्यानं बराच विचार केला. “काटा दिसत न्हाई.”

“का?”

“हिनं त्याला स्वेटर विणलाय. हॉलमध्ये बरा दिसत नव्हता.”

यानंतर पाच मिनिटं कुणाला बोलता आलं नाही. पिंट्या रस्त्यावर बसला. बापूसुद्धा चष्मा काढून डोळे पुसत होते आणि विचारत होते, हाफ बाह्यांचा का फुल? गाड्यावाला म्हणाला, हसायचं हसा, आधी मागच्या आठवड्याची उधारी द्या. त्यावर सगळ्यांनी एकमतानं चेअरमनकडं बोट दाखवलं.