‘केसांचं एवढं काय?’ असं विचारणाऱ्यांसाठी

चॅस्टिटी जोन्स या कृष्णवर्णीय बाईचं नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. २०१० साली अलाबामातल्या मोबील शहरात तिला एका कॉल सेंटरमध्ये नोकरी मिळाली. मुलाखत झाली, निवड झाली, पुढच्या तारखा ठरत होत्या. तेवढ्यात एचआरच्या बाईंचं लक्ष तिच्या केसांकडे गेलं. छोटे, व्यवस्थित ठेवलेले ड्रेडलॉक्स, म्हणजे जटांसारख्या वळलेल्या बटा. असे केस ठेवून इथे काम करता येणार नाही, म्हणाल्या. ते पुढे गबाळे दिसायला लागतात. तुमचे तसे आहेत असं नाही, पण मला काय म्हणायचंय ते तुमच्या लक्षात आलंच असेल. जोन्सने केस कापायला नकार दिला आणि हातात आलेली नोकरी गेली. फोनवर बोलायची नोकरी! एकही गिऱ्हाईक तिला कधी बघणार नव्हतं.

नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणारा सरकारी समान रोजगार संधी आयोग तिच्या बाजूने कोर्टात गेला. २०१६ साली अपील कोर्टाने निकाल दिला: केस मुळात कुरळे असणं हे वंशाशी निगडित आहे, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. ड्रेडलॉक्स ही मात्र केशरचना झाली, ती बदलता येते, म्हणून हा वंशभेद नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे परवा आपल्या ग्रुपवर क्राउन कायद्यावरून, म्हणजे केसांचा पोत आणि वेण्या-लॉक्ससारख्या रचना यांवरून होणाऱ्या वंशभेदाला बंदी घालणाऱ्या कायद्यावरून, झालेली चर्चा. ‘ड्रेस कोड सगळ्यांनाच असतो’, ‘केसांवरून कायदे करायला लागले आता’ असे मेसेज लिहिणारे बहुतेक जण माझ्यासारखेच इथे ह्यूस्टनमध्ये बरीच वर्षं राहिलेले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘बदलता येते’ म्हणणं किती सोपं! बहुतेक कृष्णवर्णीयांचे असतात तशा घट्ट वेटोळ्यांच्या केसांत डोक्याच्या त्वचेचं तेल टोकापर्यंत पोचत नाही. केस कोरडे पडतात, विंचरताना तुटतात. वेण्या, ट्विस्ट्स, लॉक्स यांच्यामुळे ते सांभाळले जातात, तुटायचे वाचतात. हे केस ‘ऑफिसला शोभतील असे’ सरळ करायचे तर एक तर तापवलेली लोखंडी फणी, नाही तर रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं रसायन. काही रिलॅक्सरमध्ये चक्क सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा. डोकं भाजतं, खपल्या धरतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्या बायकांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं, तर ती वारंवार वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के. ही रसायनं वापरणाऱ्यांत सर्वांत जास्त कृष्णवर्णीय बायका होत्या. ज्याला आपण ड्रेस कोड म्हणतोय, त्याची किंमत ही असू शकते.

माझी एक कृष्णवर्णीय सहकारी आहे, आमच्या टीममधली सर्वांत अनुभवी. एकदा शनिवारी मी तिच्यासोबत वेण्या घालायच्या सलूनमध्ये जाऊन बसले होते. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या दोन बायका तिच्या दोन बाजूंना उभ्या. शेपटीच्या कंगव्याने रेघ मारल्यासारखा भांग पाडायचा, चिमूटभर केस घ्यायचे, त्यात कृत्रिम केसांची बट मिसळायची आणि बोटांनी इतक्या वेगाने गुंफत जायचं की नजर ठरत नाही. सकाळी बसलेली ती दुपार कलली तरी खुर्चीतच. शेवटी वेण्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवली, म्हणजे ती सुटत नाहीत. मान अवघडली होती, पण आरशात बघून ती जे हसली ते हसू मी ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, “मुलाखतीला मात्र अशी जाणार नाही.” दुसऱ्या विभागातल्या बढतीसाठी तिने अर्ज केला होता. मुलाखतीला सरळ केस, नोकरी पक्की झाली की काही महिन्यांनी वेण्या, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. आईला बहुधा तिच्या आईने.

सोमवारी वेण्या घालून आली की काय होतं तेही सांगते. कोणी ‘हात लावून बघू?’ म्हणतं, कोणी न विचारताच लावतं. त्यावर ती शांतपणे नाही म्हणाली तरी ‘आज मूड बरा दिसत नाही’ असं होतं. मीटिंगमध्ये मी आवाज चढवला तर मला ‘पॅशनेट’ म्हणतात, तोच मुद्दा तिने माझ्यापेक्षा हळू आवाजात मांडला तर ‘अ‍ॅग्रेसिव्ह’. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आता कायद्याबद्दल. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. सेंट लुईसच्या जनरल मोटर्समध्ये १९६४ च्या आधी कृष्णवर्णीय बायकांना जवळपास घेतच नसत. पुढे घेतलं. पण १९७४ च्या मंदीत ‘शेवटी आलेले आधी बाहेर’ या नियमाने कपात झाली आणि उशिरा घेतलेल्या या बायका आधी बाहेर पडल्या. एमा डीग्राफनरीड आणि आणखी चौघी कोर्टात गेल्या. १९७६ साली जिल्हा न्यायालय म्हणालं, कंपनीत बायका आहेत, म्हणजे लिंगभेद नाही. त्या बायका ऑफिसात काम करणाऱ्या गोऱ्या होत्या. आणि वंशभेदाचा दावा, कोर्ट म्हणालं, स्वतंत्रपणे, आधीच चालू असलेल्या दुसऱ्या खटल्यासोबत लढवा. कारखान्यात कृष्णवर्णीय पुरुष होतेच. दोन्ही दावे एकत्र करून या बायकांसाठी वेगळा वर्ग मानायला मात्र कोर्ट तयार नव्हतं. म्हणजे बाई म्हणून या नाही बसल्या आणि कृष्णवर्णीय म्हणूनही नाही! अपील कोर्टाने ही विचारसरणी पूर्णपणे उचलून धरली नाही, पण त्या पाच जणींच्या पदरात काही पडलं नाही. १९८९ मध्ये किंबर्ली क्रेन्शॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी याच खटल्यावर बोट ठेवून ‘इंटरसेक्शनॅलिटी’ची, म्हणजे वंश आणि लिंग असे भेदभाव एकाच व्यक्तीवर एकत्र येऊन पडतात या विचाराची, मांडणी केली. आज हा शब्द आपल्याकडे सेमिनारमध्ये सहज फेकला जातो. त्याच्या मुळाशी पाच कामगार बायकांची गेलेली रोजीरोटी आहे.

१९८१ चा रेनी रॉजर्सचा खटला वाचून तर मला संताप आला. अमेरिकन एअरलाइन्समध्ये ११ वर्षं काम केलेली बाई. तिने कॉर्नरो, म्हणजे टाळूलगत घातलेल्या बारीक वेण्या घातल्या म्हणून आक्षेप. या वेण्यांना आफ्रिकन परंपरा आहे, असं तिने सांगितलं. तर निकालपत्रात उल्लेख काय, एका गोऱ्या नटीने चित्रपटात तशा वेण्या घातल्यावर थोड्याच दिवसांत हिने त्या घातल्या! पिढ्यान् पिढ्यांची चीज सिनेमातली फॅशन ठरली.

पगार, घरभाडं, दुकानात पाठीमागे फिरणारा गार्ड, यातल्या प्रत्येकावर वेगळी पोस्ट होईल. एकच आकडा देते. २०२३ मध्ये अमेरिकेत १ लाख जन्मांमागे बाळंतपणाशी संबंधित कारणांनी ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांमध्ये हे प्रमाण १४.५ होतं. शिक्षण आणि पैसा असूनही ही दरी बुजत नाही. सेरेना विल्यम्सने स्वतः सांगितलंय की २०१७ च्या बाळंतपणानंतर फुप्फुसात गुठळी झाल्याची शंका तिलाच आधी आली आणि तपासणीसाठी तिला हट्ट धरावा लागला.

आता आपल्याबद्दल. १९६४ चा नागरी हक्क कायदा ज्या चळवळीने मिळवला, तिच्याच रेट्याने १९६५ मध्ये इमिग्रेशनचे देशनिहाय कोटे गेले आणि आपल्या लोकांना दार उघडलं. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामी संपवणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, हे आपण ११ एप्रिलला, त्यांच्या जयंतीला, अभिमानाने शेअर करतो. आणि नवीन आलेल्या जोडप्याला घर शोधून देताना ‘त्या बाजूला नको, तिथे काळे फार’ हेही आपणच सांगतो. मला याची मनापासून लाज वाटते.

क्राउन कायदा पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला. त्यानंतर वीसहून जास्त राज्यांनी. आपल्या टेक्सासमध्ये तो १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. संपूर्ण देशासाठीचं विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडकलं.

या ग्रुपमधले कितीतरी जण मॅनेजर आहेत, मुलाखती घेतात. आपापल्या कंपनीचं हँडबुक उघडा आणि केसांबद्दल ‘नीटनेटके’, ‘प्रोफेशनल’ असं काही मोघम लिहिलंय का ते बघा. आमच्याकडे होतं. सहकाऱ्यांनी मिळून एचआरला लिहिलं आणि ते वाक्य निघालं. आमच्या ईमेलचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते.