रात्री दोनच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार.

‘परवानग्या कोडमध्येच हव्यात’ (म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर कोणाला काय करता येईल हे हाताने न ठरवता कोडमध्ये लिहून ठेवावं) या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा लोकलमध्ये वाचली, ठाण्याला उतरायच्या गडबडीत. वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं वाचलं. घरी येऊन पुन्हा बघितलं, तर शब्द तेच: “अरे, हे सगळं पुस्तकी आहे. तू कधी प्रॉडक्शन सांभाळलंयस का? रात्री दोन वाजता पेमेंट बंद पडलं की पुल रिक्वेस्ट मंजूर व्हायची वाट बघत बसणार का?” (पुल रिक्वेस्ट म्हणजे कोडमधला बदल दुसऱ्याने तपासून मंजूर करावा अशी विनंती, आणि प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू यंत्रणा.) त्याखाली आणखी तीन मुद्दे: टेराफॉर्म, म्हणजे ज्यात मी हा कोड लिहितो ते साधन, आता ओपन सोर्स राहिलेलं नाही, माझं लेखातलं उदाहरण धोकादायक आहे, आणि जी पाइपलाइन (मंजूर कोड आपोआप क्लाउडवर लावणारी यंत्रणा) सगळ्यांना परवानग्या वाटते तिच्याच कमरेला सगळ्या किल्ल्या लटकतात.

आधी ते ‘अरे’. आपली ओळख नाही. नावाच्या जागी तुम्ही ‘एक वाचक’ लिहिलंय, म्हणजे ओळख करून घ्यायची सोयही ठेवलेली नाही. मला ‘सर’ म्हणवून घ्यायची हौस नाही. पण ज्याला जाब विचारायचा त्याला आधी एकेरीवर आणायचं, हा प्रकार मी कॉन्फरन्स कॉलवर पुष्कळ पाहिलाय. तिथे बहुधा ज्याच्याकडे लॉग नसतात तोच आवाज चढवतो.

लायसन्सचं मात्र तुमचं बरोबर. टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये ते बदललं आणि त्यावरूनच ओपनटोफू ही त्याची ओपन सोर्स आवृत्ती वेगळी निघाली. मी जुन्या सवयीने ‘ओपन सोर्स’ लिहून गेलो. दुरुस्त केलंय. चूक मान्य करायला मला जड जात नाही, एवढं लक्षात घ्या.

आता रात्रीचे दोन.

२९ ऑगस्ट २०१७ मुंबईत कोणाला सांगावं लागत नाही. लोकल ठप्प, रस्त्यावर पाणी. अंधेरीच्या ऑफिसात आम्ही चौघं अडकलो होतो आणि कॅन्टीनवाल्याकडे शेवटी फक्त पाव उरले होते. रात्री, हो, दोनच्याच सुमारास, आमचं सेटलमेंट, म्हणजे पेमेंटचा हिशोब मिटवायचं काम, बंद पडलं. सर्व्हरच्या रोलला (म्हणजे त्याला काय करता येईल हे ठरवणाऱ्या ओळखीला) नव्या बकेटमधल्या, म्हणजे क्लाउडवरच्या साठ्यातल्या, फाइल वाचायची परवानगी नव्हती. टेराफॉर्म तेव्हाही होतं, रिव्ह्यूचा नियमही होता. पण रिव्ह्यू करणारा कुर्ल्याला पाण्यात, फोन बंद. मग मी काय केलं? तुम्ही जे म्हणताय तेच. कन्सोल, म्हणजे क्लाउडमध्ये हाताने बदल करायचं वेबपान, उघडला आणि त्या रोलला सरळ ‘ॲडमिनिस्ट्रेटर ॲक्सेस’, म्हणजे सगळं काही करायची परवानगी, चिकटवला. दोन मिनिटांत सगळं सुरू. सकाळी सगळ्यांनी पाठ थोपटली. तेव्हा कोणी मला पुस्तकी म्हटलं नाही.

तो ॲक्सेस पुढच्या एप्रिलपर्यंत तसाच होता.

ऑडिटला आलेल्या मुलीने विचारलं, फाइल वाचणाऱ्या सर्व्हरला युजर तयार करायची आणि डेटाबेस पुसायची परवानगी कशाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मधल्या आठ महिन्यांत आम्ही कितीतरी वेळा टेराफॉर्मचा प्लॅन (कोड आणि प्रत्यक्ष क्लाउड यांतला फरक दाखवणारी आज्ञा) चालवला होता आणि दर वेळी त्याने ‘काहीही बदल नाही’ असंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. कोडमधली पॉलिसी, म्हणजे परवानग्यांची यादी, कोणी हाताने बदलली तर प्लॅन बोंब मारतो. पण आम्ही लिहिलं होतं त्या पद्धतीत, रोलवर बाहेरून नवीन पॉलिसी चिकटवली तर त्याला पत्ताही लागत नाही, कारण ती त्याच्या वहीतच नसते. (आता तुम्ही म्हणाल, मग कोडचा उपयोग काय? म्हणा.) आमचं काही चोरीला गेलं नाही ते नशिबाने. २०१९ मध्ये कॅपिटल वनचा डेटा गेला, अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांचा, तेव्हा चोराच्या हाती लागला होता तोही एका यंत्राचा रोलच, गरजेपेक्षा जास्त बकेट उघडू शकणारा. ती बातमी वाचून मला जे झालं ते पुस्तकातून आलेलं नव्हतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, वाट बघत बसणार नाही. पण कन्सोलमध्ये काय चिकटवायचं हे रात्री दोनला झोपेत ठरवणारही नाही. ते आधी दुपारी, शुद्धीवर असताना, कोडमध्ये लिहून ठेवायचं. आमच्याकडे त्याला ब्रेक-ग्लास रोल म्हणतात, आणीबाणीत काच फोडून घ्यायच्या किल्लीसारखा. ऑन-कॉलवरच्या, म्हणजे त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या, माणसालाच तो घेता येतो, एमएफएशिवाय (पासवर्डखेरीज ओळखीचा आणखी एक पुरावा) मिळत नाही, सेशन एका तासाचं, आणि कोणी तो घेतला की क्लाउडट्रेलच्या, म्हणजे क्लाउडवर कोणी काय केलं त्याच्या, नोंदीवरून अख्ख्या टीमच्या फोनवर अलार्म. तास संपला की दार आपोआप बंद. काढायची आठवण ठेवायला कोणी लागत नाही. हे सगळं मूळ लेखात चौथ्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत वाचलं असतंस तर... असतंत तर, हा प्रश्न विचारावा लागला नसता.

आता लेखातल्या उदाहरणाबद्दल. टेराफॉर्ममध्ये पॉलिसी जोडायला नुसतं ‘पॉलिसी अटॅचमेंट’ वापरलं की यादीत नसलेल्या प्रत्येकाकडून ती पॉलिसी निघून जाते, अख्ख्या अकाउंटभर. हे डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक लिहिलंय आणि मलाही वाचता येतं. उदाहरण छोटं ठेवायचं होतं, कोणी ते उचलून थेट प्रॉडक्शनला लावेल असं वाटलं नव्हतं. ‘रोल पॉलिसी अटॅचमेंट’ करून टाकलंय, ते त्या एका रोलपुरतंच असतं. त्यावरून तीन उद्गारचिन्हं देण्यासारखं काही नव्हतं.

राहिला पाइपलाइनचा मुद्दा. तो या लेखाचा विषयच नव्हता. परमिशन बाउंडरी नावाची गोष्ट २०१८ पासून आहे, ती लावली की पाइपलाइनने तयार केलेला रोल ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ शकत नाही. लोक लावतात.

काल ऑफिसात गेल्यावर आमच्या पाइपलाइनचा रोल उघडून बघितला. त्यावर आत्ता लिहीत नाही.