लॉक झालेले खाते आणि ‘अनलिमिटेड’चा सल्ला

“ओरॅकलमधील खाते लॉक झाले की अनलॉक करा, चुकीच्या लॉग-इनची मर्यादा अनलिमिटेड करा, तरीही भागले नाही तर डेटाबेस रीस्टार्ट करा,” असा संदेश कापसाचा हंगाम लागल्यापासून जिनिंगांमधील ऑपरेटरांत फिरतो आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगचा, ओरॅकल या सॉफ्टवेअरवर चालणारा डेटाबेस मी सांभाळतो आणि यातली एकही पायरी मला मान्य नाही.

रीस्टार्टचे आधी. ओरॅकलमध्ये खाते लॉक असल्याची नोंद डेटाबेसमध्येच साठवलेली असते, म्हणून रीस्टार्टने ती जात नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये चुकीच्या पासवर्डमुळे लागलेले लॉक रीस्टार्टने सुटते. गैरसमज बहुधा तिथून आला असावा.

नुसते अनलॉक करून काय होते, ते आम्ही भोगले. पासवर्ड बदलल्यानंतर आमचे खाते रोज जेवणाच्या सुटीनंतरच लॉक व्हायचे. काट्यावर कापसाच्या गाड्या उभ्या आणि पावती निघेना. ओरॅकलच्या मूळ प्रोफाइलमध्ये, म्हणजे खात्यांना लागू होणाऱ्या आधीच ठरलेल्या नियमांत, सलग १० चुकांनंतर खाते एका दिवसासाठी लॉक होते, पण मध्ये एक जरी लॉग-इन बरोबर झाले तरी मोजणी पुन्हा शून्यावर येते. सकाळभर प्रत्येक पावतीसाठी होणाऱ्या बरोबर लॉग-इनने ती शून्यावर येत होती आणि सुटीच्या तासाभरात, पावत्या थांबल्या की, दहा चुका भरत होत्या. ऑडिटमध्ये, म्हणजे लॉग-इनच्या नोंदवहीत, १०१७ या चुकीच्या पासवर्डच्या त्रुटीच्या नोंदी काढल्या, तर दर ५ मिनिटांनी एक, आणि प्रत्येकीपुढे गोदामातल्या जुन्या संगणकाचे नाव होते. त्यावरचा गाठींच्या साठ्याचा आकडा कोणी पाहतही नव्हते, पण आतला आपोआप चालणारा जॉब जुनाच पासवर्ड घेऊन इमानाने येत होता.

मर्यादा अनलिमिटेड करण्याचा सल्ला मात्र घातक आहे. पासवर्डचे अंदाज लावणाऱ्याला त्याने मोकळे रान मिळतेच, शिवाय ११जी आवृत्तीपासून ओरॅकल लागोपाठ चुकणाऱ्या लॉग-इनला मुद्दाम उशीर लावतो आणि त्या उशिरात त्याच खात्यावर बरोबर पासवर्ड घेऊन येणारेही अडकून पडू शकतात. म्हणजे लॉक टळेल, पण पावती अडू शकतेच, आणि खाते लॉक असल्याचे सांगणारा २८००० हा त्रुटी क्रमांकही समोर येणार नाही.

म्हणून आधी चुकणारे यंत्र शोधावे, तिथला पासवर्ड बदलावा आणि त्यानंतरच खाते अनलॉक करावे. आम्ही तेवढेच केले. दुसऱ्या दिवशी सुटीनंतरची पहिली पावती विनातक्रार निघाली.