चुना कोणी कोणाला लावला?

सकाळी साडेसातला पोळ्या लाटत होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. घरमालकांच्या मुलाचा व्हॉट्सॲप मेसेज. तो पुण्याला असतो. "ताई, करार संपतोय. या वेळी भाडं १०,५०० करू, एरियात तोच रेट चाललाय. शिवाय वरच्या मजल्यावर असूनही आपला फ्लॅट उन्हाळ्यात थंड राहतो."

थंड राहतो! तव्यावरची पोळी करपली माझी.

तो का थंड राहतो ते ऐका. आम्ही राहायला आलो ते एप्रिलमध्ये. जळगावचा एप्रिल-मे काय असतो हे तुम्हाला मी काय सांगू? बाहेर ४४-४५ आणि डोक्यावर उघडा स्लॅब. रात्री दोनला भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. कुलर नुसता गरम वारा फिरवायचा. पुढच्या वर्षी सासरे पारोळ्याहून आले, एक रात्र कशीबशी काढली आणि सकाळी म्हणाले, "चुना लई या." कळीचा चुना ड्रममध्ये भिजवला, त्यात फेविकॉल ओतलं, आणि सत्तरीच्या त्या माणसाने डोक्याला रुमाल बांधून आमच्या ह्यांच्यासोबत अख्खी गच्ची पांढरी केली. दोन हात. तेव्हापासून दर वर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी हे काम ठरलेलं. चुना आमचा, घाम आमचा. खाली राहणारे नाना, म्हणजे आमचे घरमालक, खालून "झालं का रे?" विचारणार, तेवढाच त्यांचा हातभार.

आणि आता त्याच चुन्याचं भाडं आमच्याकडून! याला मराठीत काय लावणं म्हणतात ते मी लिहीत नाही.

८,५०० चे १०,५००. पाच-दहा टक्के सगळेच वाढवतात, आम्हीही सहा वर्षं मुकाट दिले. पण हे जवळजवळ चोवीस टक्के झाले. आमचे हे चटईच्या कंपनीत आहेत. यंदा पगार किती वाढला ते विचारू नका, दिवाळीला मिठाईचा डबा जरा मोठा होता एवढंच सांगते.

बरं, दर अकरा महिन्यांनी हा तमाशा कशाला? लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपला नेहमीचा भाड्याचा करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. दर वर्षीची वाढ आधीच लिहून टाकली की विषय संपला. पण नाही. दर खेपेला नोंदणी फी १,०००, पाव टक्का मुद्रांक शुल्क, वर एजंटचे पैसे, आणि हे सगळं भाडेकरूनेच भरायचं असं जणू वेदात लिहिलंय. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम ५५ वाचा कधीतरी. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. मालकाची! आमची पहिली दोन वर्षं १०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून गेली. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. आम्ही कधी काही म्हटलं का? जाऊ द्या.

हो, घरपट्टी मालकच भरतात. मोटर जळाली तेव्हा नानांनीच भरून आणली. त्यांना पेन्शनही नाही. मान्य.

"सोडा ना मग ते घर" असं कोणी लिहू नका. टेम्पो, नवीन डिपॉझिट, मुलीची शाळेची रिक्षा... आणि नवीन गच्चीला पुन्हा पहिल्यापासून चुना.

संध्याकाळी भांडायच्या तयारीनेच खाली उतरले. काकू खाटेवरचे वाळलेले बिबडे (ज्वारीचे पापड) गोळा करत होत्या. मीही बसले हात लावायला, आता काय करणार. नाना म्हणाले, "पोराने मेसेज केला? मला नाही बोलला तो." माझा अर्धा राग तिथेच उतरला. पण लगेच पुढे म्हणतात, "रेट तर तोच आहे ना पोरी." परत चढला!

मग चुन्याचा सगळा हिशोब त्यांच्यापुढे मांडला. किती वर्षं, किती गोण्या, फेविकॉलचे किती डबे. नाना गप्प. मी ९,२०० म्हटलं, ते ९,८०० म्हणाले. काकू आतून ओरडल्या, "साडेनऊ करा अन् चहा घ्या आधी." मी ९,३०० वर अडून बसले. करार २२ महिन्यांचा, अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ, नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा. नाना म्हणाले, पोराला विचारून सांगतो. आता रात्रीचे साडेदहा झालेत, अजून उत्तर नाही. बिबड्यांची पिशवी मात्र वर आली आहे.

काहीही ठरलं तरी करारात एक ओळ मी टाकून घेणारच: चुना आणि फेविकॉल मालकाचं. लावू आम्ही. सासऱ्यांना आता जिना चढवत नाही, पण खाली अंगणात ड्रमपाशी बसून ते सांगतीलच, "पातय व्हई गया रे, आखो टाक." (पातळ झाला रे, अजून टाक.)